काम मराठीत, निकाल इंग्रजीत: वर्ध्याचा कापूस आणि प्रतवारीचे शब्द

१/
‘वर्गीकरण ही इंग्रजांची देणगी’ हे विधान इतिहासाच्या चर्चांत वारंवार केले जाते. पुरावा म्हणून शब्दांची यादी पुढे येते: क्लास, ग्रेड, सॉर्टिंग, लॉट, कॅटेगरी, कलेक्शन. मराठीत यांना शब्द नव्हते, म्हणून ते उसने घ्यावे लागले. आणि शब्द नव्हते त्या अर्थी विचारही नव्हता, असा हा युक्तिवाद. तो ऐकायला सुटसुटीत आहे आणि मुळातच चुकीचा आहे. चूक नेमकी कोठे आहे हे पाहण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील कापसाचा इतिहास पुरेसा आहे. #थ्रेड

२/
आधी शब्दांचाच हिशेब करावा. मराठी घरात तांदूळ निवडतात, डाळ पाखडतात, पीठ चाळतात, नाणे पारखतात, शेतातला कापूस वेचतात. या पाच क्रियापदांत वेगळे काढण्याच्या पाच वेगळ्या रीती आहेत. एकत्र करण्याचेही तसेच. लाकडांची मोळी, कडब्याची पेंढी, कोथिंबिरीची जुडी, धान्याची रास, पोत्यांची थप्पी, मडक्यांची उतरंड, कपड्यांचे गाठोडे, रुईची गठाण. धान्याची मोळी होत नाही आणि लाकडांची जुडी होत नाही. वस्तूचा आकार, वजन आणि ती उचलणारा हात पाहून भाषेने शब्द ठरवला आहे. अशा भाषेला वर्गीकरण येत नव्हते असे म्हणणाऱ्याने स्वयंपाकघरात किंवा खळ्यावर पाऊल ठेवलेले नसावे.

३/
वर्ध्याच्या काळ्या जमिनीत तर ही शब्दसंपदा आणखी बारीक होते. झाड ती पऱ्हाटी. फळ ते बोंड. वेचणीच्या आरंभी शेतात दही-भात वाहून करायची ती सीतादही. मग पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा वेचा. प्रत्येकाचा कापूस वेगळा. हंगाम सरल्यावर पुन्हा घेतलेले पीक ती फरदड. किडीने वा पावसाने खराब झालेला, पिवळट पडलेला कापूस ती कवडी. बी वेगळे काढले की एकीकडे सरकी आणि दुसरीकडे रुई. रुई पिंजली की तिचा पेळू, आणि पेळूतून सूत. बोंडापासून सुतापर्यंत प्रत्येक टप्प्यावर निवड आहे, आणि प्रत्येक निवडीला नाव आहे.

४/
शब्द होते, तर मग ‘ग्रेड’ कशाला आला? या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे: उणीव शब्दांची नव्हती. निवडण्याचे काम आणि निवडीचा निकाल या दोन गोष्टींची फारकत झाली. काम करणारे हात जेथे होते तेथेच राहिले आणि त्यांची क्रियापदे मराठीत राहिली. निकाल देण्याची जागा मात्र दूर गेली, आणि निकालाची नामे त्या दूरच्या जागेच्या भाषेत आली. परकी नामे हे अज्ञानाचे चिन्ह नसून सत्तेच्या स्थलांतराचे चिन्ह आहे.

५/
हे स्थलांतर इंग्रजांपासून सुरू झाले असेही नाही. मराठी मुलखात जमिनीची प्रतबंदी होत असे तेव्हा प्रतींची नावे होती अव्वल, दूम, सीम. ती फारसी-अरबी वळणाची. वसुलीचा शब्द जमाबंदी. त्यातला ‘जमा’ अरबी, अर्थ एकत्र करणे. ‘तहसील’ हाही अरबी, अर्थ गोळा करणे, वसूल करणे. म्हणजे तहसीलदार तो गोळा करणारा, आणि इंग्रजी कलेक्टर तोही गोळा करणारा. दोन साम्राज्ये आली, दोन भाषा आल्या, पण अधिकाऱ्याच्या नावाचा अर्थ एकच राहिला. गावाने धान्याची रास घातली. ती उचलून नेणाऱ्याचे नाव मात्र मराठीत कधी पडलेच नाही.

६/
इंग्रजी शब्दांच्या मुळाशी गेल्यास चित्र अधिक बोलके होते. ‘सॉर्ट’च्या मुळाशी लॅटिनमधील सोर्स, म्हणजे नशीब ठरवणारी चिठ्ठी, ‘लॉट’चाही मूळ अर्थ जवळपास तोच. ‘क्लास’ हा प्राचीन रोममधील मालमत्तेनुसार पाडलेला नागरिकांचा गट. सैन्यसेवा आणि कर ठरवण्यासाठी पाडलेला. ‘ग्रेड’ म्हणजे पायरी. ‘कॅटेगरी’च्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा आरंभीचा अर्थ होता आरोप, न्यायसभेत जाहीरपणे केलेला. तत्त्वज्ञानाने त्याला पुढे सौम्य केले. नशीब, कर, पायरी आणि आरोप: वर्गीकरणाला ‘निव्वळ शास्त्र’ म्हणणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा पाहावी.

७/
येथे एक सावधगिरी हवी. व्युत्पत्ती म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. आज ‘कॅटेगरी’ म्हणणारा कोणावर आरोप करत नसतो. शब्दांचे मूळ शोधून त्यावर राष्ट्रवादाचे इमले उभारणे हा इतिहास नव्हे, तो केवळ शब्दांचा खेळ होय. म्हणून मुळे बाजूला ठेवून प्रत्यक्ष घटना पाहणे आवश्यक आहे: हे शब्द वर्ध्यात कोणी आणले, कोणत्या कागदांवर आणले, आणि त्यांच्यामुळे कोणाच्या पदरात काय पडले?

८/
तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्यास होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागेवर वर्धा शहर आखले गेले. जिल्हा हाच मुळी एक वर्गीकरणाचा निर्णय होता. एका वहीतील काही गावे काढून दुसऱ्या वहीत लिहिली गेली, आणि चार वर्षांनी त्या वहीसाठी एक शहर वसवले गेले.

९/
या नव्या जिल्ह्याची पहिली मोठी छाननी केली रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने. वर्ध्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा त्याचा अहवाल १८६७ चा आहे. हाच गृहस्थ पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर झाला. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांचे उत्खनन करून त्यावर लिहिणाराही तोच. शेते, कापूस आणि थडगी या तिन्हींची वर्गवारी एकाच माणसाच्या हातून झाली. त्याच्या कष्टाळूपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की तिन्ही ठिकाणी वर्गवारी ज्यांची झाली, त्यांच्याकडे अहवालावर हरकत घेण्याचा मार्ग नव्हता.

१०/
बंदोबस्ताने जमिनीसोबत माणसेही निवडली. मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. त्याच्याखालच्या कुळांचे मध्यप्रांताच्या कुळकायद्यांत थर पाडले गेले: अ‍ॅब्सोल्यूट ऑक्युपन्सी, ऑक्युपन्सी आणि ऑर्डिनरी. शेत तेच, नांगर तोच. परंतु कागदावर ‘ऑर्डिनरी’ लिहिले गेले की त्या कुळाचे संरक्षण सर्वांत दुबळे. इंग्रजीत हा शब्द अगदी साधा, ‘सामान्य’ एवढाच. वर्ध्याच्या खेड्यात त्याचा अर्थ होता, उद्या या शेतावर असू की नसू याची खात्री नाही. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्याआधी हा एक शब्द अनेक घरांच्या दैवासारखा राहिला होता.

११/
आता कापसाकडे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तुटवड्याच्या त्या वर्षांत भारतीय कापसाला अभूतपूर्व भाव आला. तेथे पोचणाऱ्या बहुतेक भारतीय कापसाला ‘सुरत’ हे सरसकट नाव होते. त्याचा धागा आखूड, त्यात कचरा जास्त. गिरणी कामगार वैतागले आणि ‘सुरत’ हा शब्द तेथे हलक्या मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. एका प्राचीन, संपन्न बंदराचे नाव हजारो मैलांवर हलकेपणाचा शिक्का बनले. सुरतेच्या लोकांना ते कोणी विचारलेही नाही.

१२/
या ‘सुरत’ ढिगातून पुढे वेगळी नावे निघाली. अमरावतीवरून ‘उमरा’, भडोचवरून ‘ब्रोच’, आणि वर्धा जिल्ह्यातील बाजारपेठेवरून ‘हिंगणघाट’. वर्धा खोऱ्यातील या कापसाची देशी जातींमध्ये विशेष ख्याती होती. प्रत्येक नावाखाली पुन्हा पायऱ्या: फाइन, गुड, गुड फेअर, फेअर. येथील ‘फेअर’चा अर्थ न्याय्य असा नाही. त्याचा अर्थ बरा, बेताचा, चालण्यासारखा. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. थोड्या वेळाने हा शब्द पुन्हा भेटणार आहे.

१३/
हिंगणघाटचा नामांकित कापूस म्हणजे ‘बनी’: लांब धाग्याचा, मऊ. त्याच्या शेजारी वाढत गेला ‘जरी’: आखूड, भरड, पण सरकी काढल्यावर रुईचा उतारा अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी शेतकरी मोठ्या प्रमाणावर बनीकडून जरीकडे वळला. त्या काळच्या सरकारी लेखनात याचे वर्णन कापसाचा ‘ऱ्हास’ म्हणून येते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा ऱ्हास नव्हता. ती निवड होती. लांब धाग्याला जो जादा भाव मिळे तो कमी उताऱ्याचे नुकसान भरून काढण्याइतका नव्हता. पुढे कृषी खात्यानेच भरघोस उताऱ्याची ‘रोझियम’ ही आखूड धाग्याची जात पुरस्कारली. शेतकऱ्याने केले तेव्हा अज्ञान, खात्याने केले तेव्हा सुधारणा.

१४/
भाषेची हीच रीत कायद्यातही दिसते. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. तो ‘कॉटन फ्रॉड्स’ कायदा म्हणून ओळखला जातो. भेसळ होत होती यात संशय नाही. कचरा, सरकी, पाणी मिसळले जात होते. परंतु नाव पाहावे. दोन प्रकारचे कापूस एकत्र आले की ते ‘मिक्सिंग’, आणि मिक्सिंगचा वास आला की ‘फ्रॉड’. खेड्यात मात्र एकाच शेतात दोन प्रकारची झाडे उभी असणे ही अवर्षणाविरुद्धची सावधगिरीही असू शकते. जे खळ्यावर शहाणपण होते ते बंदरावर लबाडी ठरू शकत होते. ‘कॅटेगरी’चा जुना अर्थ येथे अनपेक्षितपणे जिवंत होतो.

१५/
मग आली रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८६७ मध्ये पुलगाव-वर्ध्यावरून नागपूरला पोचला. त्यानंतरच्या दशकात हिंगणघाटही रुळांनी जोडले गेले. रुळांमागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. ‘जिन’ हे ‘एंजिन’चेच आखूड रूप. तोपर्यंत सरकी काढण्याचे काम घरोघरी हातचरकीवर, बहुतांशी स्त्रियांच्या हातून होत असे. सरकी घरात राही. बियाण्यासाठी चांगली निवडून ठेवता येई. जिनात शंभर शेतांचा कापूस एकत्र पडला, सरकी एकत्र झाली आणि बियाण्याची शुद्धताही गेली. मिसळण्याचे सर्वांत मोठे यंत्र कारखान्याने आणले. भेसळीचा बोल मात्र खेड्याला लागला.

१६/
सरकारलाही हे पुढे उमगले. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने एका भागातील कापूस दुसऱ्या भागात नेऊन मिसळण्यावर निर्बंध घालण्याची सोय केली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाना कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. पाऊल योग्यच होते. पण त्या गठाणीवर काय होते आणि काय नव्हते हे पाहावे. प्रेसची खूण होती, क्रमांक होता. गावाचे नाव नव्हते, वेच्याचा उल्लेख नव्हता, वेचणारीचा तर प्रश्नच नव्हता. गठाण ओळखता येऊ लागली, आणि नेमकी त्याच जागी कापसाची शेताशी असलेली ओळख संपली.

१७/
येथे प्रामाणिक आक्षेप घेता येतो. हजारो मैलांचा व्यापार समान मापांशिवाय कसा चालावा? मुंबईच्या व्यापाऱ्याने प्रत्येक बंडीचा कापूस हातात घेऊन पाहावा काय? आक्षेप रास्त आहे. मापदंड हवेतच. ७८४ पौंडांची खंडी आजही कापसाच्या सौद्यात सुमारे ३५६ किलोंच्या रूपाने टिकून आहे, ती उपयोगी आहे म्हणूनच. वाद मापदंड असावेत की नसावेत याचा नाही. मापदंड ठरवताना कोण उपस्थित होते, ते कोणाला समजतात आणि चुकीच्या निकालाविरुद्ध दाद कोठे मागायची, वाद याचा आहे.

१८/
दुसरा आक्षेप भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांकडून येतो: सगळा दोष इंग्रजीचा, शब्द मराठी करा, प्रश्न सुटेल. हेही खरे नाही. जुन्या बाजारात हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. तेथे इंग्रजीचा एकही शब्द नव्हता. मुळात शब्दच नव्हता. गुप्तता मराठी माणसांत, मराठी मातीत, पूर्ण स्वदेशी होती. माणसांच्या बाबतीत तर उच्च-नीचतेची प्रतवारी करायला या समाजाला कोणत्याही परभाषेची गरज पडली नव्हती.

१९/
नियंत्रित बाजार आले ते या अंधारावर उपाय म्हणून. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये असा बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मध्यप्रांताचा कापूस बाजार कायदा १९३२ चा. वजन, दलाली, कटती यांना थोडी शिस्त लागली. पण वऱ्हाडच्या आरंभीच्या बाजार समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. रुमाल गेला, लिलाव उघड झाला. मालाची प्रत कोणती हे सांगण्याचा अधिकार मात्र ज्याला तो विकत घ्यायचा होता त्याच्याकडेच राहिला.

२०/
याच वर्ध्याने या व्यवस्थेला उलट दिशेने उत्तर देण्याचा प्रयत्नही केला. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. १९३५ मध्ये गांधीजींनी चरखा संघात आग्रह धरला की कातणारीची मजुरी बाजारभावावरून नव्हे, तिच्या आठ तासांच्या कष्टाच्या मोलावरून ठरावी. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली; कापूस निवडण्यापासून सूत कातण्यापर्यंतची सर्व कामे मुलाने स्वतः करावी आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकावा, ही तिची दिशा होती.

२१/
या प्रयोगाचे महत्त्व चरख्याच्या भक्तीत शोधू नये. त्यामागील ज्ञानाचा विचार असा होता: जो हात निवडतो त्यालाच निवडीचे कारण कळले पाहिजे. काम आणि निकाल यांची फारकत नको. परंतु मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सेवाग्रामच्या वर्गात मूल पेळू करत होते तेव्हा तेथून थोड्याच अंतरावर बंड्या जिनांकडे चालल्या होत्या, आणि त्यांच्या मालाचा दर्जा मुंबईच्या बाजाराच्या पायऱ्यांवरूनच ठरत होता. आश्रमाने बाजाराला प्रश्न विचारला. बाजाराने उत्तर देण्याची तसदी घेतली नाही.

२२/
स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने मोठे पाऊल उचलले. १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खाजगी व्यापारी दूर झाला, खरेदीदार राज्य झाले. विदर्भाच्या बोलीत या काळाने एक शब्द पक्का रुजवला: ग्रेडर. केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या बंडीतील कापूस हातात घेऊन तो प्रत सांगे, आणि त्या एका शब्दावर वर्षभराच्या घामाचा भाव ठरे. राज्य आपले झाले होते, खरेदी आपली झाली होती. निकालाची रीत तीच राहिली. कवडी म्हणजे काय हे जिला जन्मापासून ठाऊक, ती वेचणारी त्या रांगेत कोठेच नव्हती.

२३/
आता ‘फेअर’कडे परत यावे. कापसाचा हमीभाव आजही जाहीर होतो तो ‘एफएक्यू’ मालासाठी, म्हणजे ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’साठी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्यासाठी क्विंटलला ७७१० आणि लांब धाग्यासाठी ८११० रुपये जाहीर केले. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, जाडी मायक्रोनेअरमध्ये. हिंगणघाट, देवळी, आर्वी, पुलगावचा शेतकरी ही तीन अक्षरे जाणतो. पण दीडशे वर्षांपूर्वी ज्या शब्दाचा अर्थ परदेशी बाजाराने ‘बेताचा’ असा ठरवला, तोच शब्द आज ‘हमी’ या शब्दाच्या शेजारी बसला आहे, याची आठवण कोणी करून देत नाही.

२४/
‘ग्रेडर’च्या पाटीवर ‘प्रतवारीकार’ लिहिल्याने यात काही बदलणार नाही. ‘अव्वल, दूम, सीम’ जाऊन ‘फाइन, गुड, फेअर’ आले तेव्हा शेतकऱ्याच्या ताटात फरक पडला नाही. उद्या ‘उत्तम, मध्यम, कनिष्ठ’ आले तरी पडणार नाही. शब्दांची अदलाबदल हा स्वस्त देशाभिमान आहे. मराठीचा खरा आग्रह याहून महाग आहे: निकष शेतकऱ्याच्या भाषेत, नमुन्याच्या कापसासह, त्याच्या डोळ्यांसमोर असावेत, ओलाव्याचा आकडा त्याच्या देखत मोजला आणि पावतीवर लिहिला जावा, माल नाकारला तर कारण लेखी मिळावे, आणि पहिल्या निकालावर दुसऱ्या, स्वतंत्र हाताने पुन्हा पाहण्याचा हक्क असावा. एवढे झाले तर शब्द ‘ग्रेड’ राहिला तरी चालेल.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक पद्धतीचा धडा आहे. वसाहतकाळातील वर्गीकरण म्हटले की जनगणना आणि जात यांवरच नजर जाते. १८७२ पासूनच्या शिरगणत्या, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा यांवर विपुल लिहिले गेले आहे, आणि ते लिहिले जायलाच हवे. पण तीच यंत्रणा वस्तूंवरही चालली, आणि वस्तूंवरून ती माणसांपर्यंत पोचली. गठाणीवरचा शिक्का, बंदोबस्ताचा तक्ता, बाजार समितीची पावती ही तितकीच महत्त्वाची साधने आहेत. त्यांतील प्रत्येक नामापाशी थांबून विचारावे: या नामामागचे क्रियापद कोणते, आणि ते क्रियापद कोणाच्या हाताने केले?

२६/
मराठीत तांदळातले खडे काढण्यासाठी जे क्रियापद आहे, तेच राज्यकर्ते ठरवण्यासाठी आहे: निवडणे. त्यावरूनच निवडणूक. स्वयंपाकघरातील सुपापासून मतपेटीपर्यंत या भाषेने एकच धातू नेला आहे, आणि त्यात एक गृहीत आहे की ज्याला निवडीचे परिणाम भोगायचे आहेत, निवड त्याच्याच हातून व्हावी. १९६३ च्या कायद्यानंतर वर्ध्याचा शेतकरी बाजार समितीच्या निवडणुकीत भाग घेतो. समिती तो निवडतो. आपला कापूस कोणत्या प्रतीचा हे ठरताना मात्र तो काट्यापाशी उभा राहून फक्त ऐकतो. मराठीत शब्द नव्हता असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी या एका क्रियापदाचा विचार करावा. शब्द होता. अधिकार अजून मिळायचा आहे.

#वर्धा #हिंगणघाट #कापूस #मराठी #इतिहास